सायकलीचं वजन आणि राजूरचा घाट

सायकल घ्यायला गेलेला माणूस दुकानात सगळ्यात आधी काय करतो? सायकल उचलून बघतो. बसून नाही, चालवून नाही, उचलून! दुकानदारालाही हे ठाऊक असतं, म्हणून तोही महागातली सायकल एका हाताने उचलून दाखवतो. मग पुढचं सगळं बोलणं किलोमध्ये. आणि वजन जितकं कमी तितकी किंमत जास्त, हे तर आलंच.

माझं म्हणणं असं की शनिवार-रविवारी हौसेने सायकल चालवणाऱ्या आपल्यासारख्यांनी हा वजनाचा नाद सोडावा. आपण सॉफ्टवेअरवाले एरवी प्रोफायलर लावल्याशिवाय कोड वेगवान करायला जात नाही (निदान जाऊ नये). वेळ कुठे जातो ते आधी मोजायचं, मग सुधारायचं. तोच नियम सायकलीला लावून बघू.

उदाहरणाला आमचा बुलढाणा जिल्हा घेऊ, कारण तिथे दोन्ही तऱ्हेचे रस्ते आहेत. अजिंठ्याच्या डोंगररांगेने जिल्ह्याचे दोन भाग केलेत आणि लोक बोलतातही तसंच: घाटावरचे आणि घाटाखालचे. बुलढाणा, चिखली, मेहकर घाटावर. मलकापूर, नांदुरा, शेगाव घाटाखाली, पूर्णेच्या सपाट खोऱ्यात. मलकापूरहून मोताळ्यावरून बुलढाण्याला यायचं तर वाटेत राजूरचा घाट चढावा लागतो.

आधी सपाट रस्ता. शेगाव ते खामगाव, ताशी २० किलोमीटरचा वेग. चालवणारा ७० किलोचा, सायकल १७ किलोची. साधं भौतिकशास्त्र मांडलं तर एवढ्या वेगाला अंदाजे १०० वॅट ताकद लागते. त्यातली साठेक वॅट नुसती हवा कापण्यात जाते, बाकीची टायरच्या घर्षणात. आता १७ ऐवजी ११ किलोची सायकल घ्या. बचत किती? अडीच-तीन वॅट. बस्स! उलट टायरमध्ये हवा कमी असेल तर १५-२० वॅट सहज वाया जातात. आणि समोरून ताशी १० किलोमीटरचा वारा लागला तर हवेचा खर्च ६० वरून १३० वॅटच्या वर जातो. थोडक्यात, सपाटीवर सहा किलो वाचवण्यापेक्षा पंप हातात घेतलेला बरा. किती हवा भरायची ते टायरच्या कडेवर छापलेलंच असतं.

"अहो पण घाटात?" हा प्रश्न बरोबर आहे. घाटात प्रत्येक किलो वर न्यावाच लागतो, तिथे सुटका नाही. हिशोबासाठी २०० मीटर उंचीचा, १०० मीटरला ७ मीटर चढणारा घाट धरू, आणि आपली ताकद १२० वॅट. १७ किलोच्या सायकलवर हा चढ साधारण २७ मिनिटांत होतो, ११ किलोच्या सायकलवर २५ मिनिटांत. म्हणजे सहा किलोंची किंमत पावणेदोन मिनिटं. स्पर्धेत ती फार मोठी आहेत. म्हणूनच तर आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने २००० साली स्पर्धेच्या सायकलीसाठी किमान ६.८ किलोची मर्यादा घालून दिली, नाहीतर मंडळी सायकल कागदाची करायला निघाली असती. पण आपल्याला वर जाऊन चहाच प्यायचाय. तो दोन मिनिटं उशिरा मिळाला तर काय बिघडलं?

आता गंमत बघा. याच चढावर आपला वेग ताशी साडेसहा किलोमीटरच्या आसपास असतो. बिनगिअरची सायकल घेतलीत, पुढे ४४ दाते आणि मागे १८, तर पॅडलचे मिनिटाला जेमतेम २० फेरे होतात. इतक्या हळू इतका जोर गुडघे देत नाहीत. माणूस उतरतो आणि ढकलत जातो. तीच सायकल सहा किलोंनी हलकी करा, फेरे होतील २१. तरीही ढकलतच! पण पुढचं आणि मागचं चक्र सारख्याच दात्यांचं होईल असा हलका गिअर असला की फेरे ५० च्या जवळ जातात आणि तीच १७ किलोची सायकल बसल्या बसल्या वर जाते. वजनाने ठरतं किती वेळ लागणार. चढता येणार की नाही ते गिअर ठरवतो. दुकानात विचारायचंच असेल तर सगळ्यात मोठं मागचं चक्र किती दात्यांचं आहे ते विचारा.

वजनाचं वेड एकवेळ खिशापुरतं असतं तर सोडून दिलं असतं. पण हलकं करायच्या नादात लोक नको तिथे काटछाट करतात. बारीक टायर घेतात, आणि आमच्याकडे रस्त्याकडेच्या बाभळी त्याची वाटच बघत असतात. एका पंक्चरला वीस मिनिटं, म्हणजे घाटात वाचवलेल्या वेळेच्या दहापटीहून जास्त. पॅच, सोल्युशन, पंप घरी ठेवतात. सगळ्यात वाईट म्हणजे पाणी कमी घेतात. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, मान्य. पण विदर्भातल्या एप्रिल-मे महिन्यात तोच एक किलो तुम्हाला घरी परत आणतो. तो मोजायचा नसतो.

वजन कोणालाच लागत नाही असं मात्र नाही. रोज तिसऱ्या मजल्यावर सायकल चढवणाऱ्याला ते लागतं. स्वतःचंच वजन ४५-५० किलो असलेल्यांना लागतं. आणि सर्वात जास्त कोणाला, तर शाळेत जाणाऱ्या मुलींना. मानव विकास कार्यक्रमातून आमच्या जिल्ह्यातल्या तालुक्यांतही आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात. त्या योजनेने मुलींची शाळा टिकते, म्हणून ती मोलाचीच आहे. पण हिशोब करा. मुलगी ४० किलोची, दप्तर ४ किलोचं, आणि बिनगिअरची साधी लोखंडी सायकल १८-१९ किलोची धरली, तर एकूण ओझ्यात सायकलीचाच वाटा ३० टक्के. आपल्या १७ किलोवाल्याचा २० टक्केच. शिवाय ती हौसेसाठी निघालेली नसते. वारा असो, चढ असो, घंटा व्हायच्या आत पोचायचं असतं.

हलक्या सायकलीचं सगळं संशोधन, सगळी जाहिरात आपल्यासाठी, ज्यांना तिने फारसा फरक पडत नाही. जिला पडतो तिच्यापर्यंत यातलं काही पोचत नाही. एखादा अभियंता सहा किलो कमी करायला बसणारच असेल, तर त्याने तिची सायकल आधी घ्यावी, आणि जमलं तर तीन गिअरही टाकावेत.

आपलं काय, आपल्याकडे आहे ती सायकल पुरेशी आहे. टायरमध्ये नीट हवा भरा, चेनला तेल घाला, दोन बाटल्या पाणी घ्या आणि ऊन वर यायच्या आत निघा.