आयात कायद्याची, सोय आपली

समलैंगिकता हे पाश्चात्त्यांचं खूळ आहे, आपल्याकडे असलं काही नव्हतं, असं ठासून सांगणाऱ्यांना एवढंच विचारावं: नव्हतं, तर आपल्या शास्त्रकारांनी शिक्षा कुणासाठी लिहून ठेवल्या? मनुस्मृतीत पुरुषाशी मैथुन हे एके ठिकाणी जातिभ्रंश करणारं पाप आहे, दुसरीकडे सचैल स्नानावर त्याची सुटका आहे. कौटिल्य दंड आकारतो. वात्स्यायन तर तृतीया प्रकृतीच्या लोकांविषयी, ते पोट कसं भरतात इथपासून, बारकाईने लिहितो. गावात चोरच नसेल तर चोरीचा दंड किती पणांचा, याचा खल कोणी करत बसत नाही.

बाहेरून आला तो कायदा. इंग्लंडात आठव्या हेन्रीच्या राज्यात, 1533 मध्ये, या कृत्याला फाशी ठरली. ती परंपरा मनात ठेवूनच मेकॉलेच्या विधी आयोगाने आपल्या दंडसंहितेचा मसुदा केला आणि 1860 मध्ये कलम 377 आपल्या गळ्यात पडलं. ‘निसर्गक्रमाविरुद्ध’ संभोगाला जन्मठेपेपर्यंत शिक्षा. निसर्गक्रम म्हणजे काय, हे मात्र कलमाने कुठेच सांगितलं नाही, आणि ते पोलिसांच्या पथ्यावर पडलं. 1884 मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयापुढे आलेलं खैरातीचं प्रकरण पाहा. बायकांचे कपडे घालून बायकांबरोबर गात होता म्हणून धरला, वैद्यकीय तपासणी केली, सत्र न्यायाधीशाने दोषीही ठरवला. गुन्हा कधी घडला, कुठे घडला, कुणाबरोबर घडला, यांतलं काहीच फिर्यादी पक्षाला सांगता येईना, तेव्हा कुठे उच्च न्यायालयाने सोडला. माणूस आधी धरायचा आणि गुन्हा मग शोधायचा, हे या कलमाचं चालचलन पहिल्यापासूनचं.

इंग्लंड-वेल्समध्ये 1967 साली हा गुन्हा बऱ्याच अंशी मोडीत निघाला. आपण 2018 पर्यंत तो जपला. एरवी उठताबसता मेकॉलेच्या नावाने बोटं मोडणारी मंडळीच त्याच्या या एका वाक्याला भारतीय संस्कृती समजून कवटाळून बसली होती, ही गंमत मला राहून राहून आठवते.

पण खंडन इथेच थांबवलं तर ते सोयीचं होईल. आमच्या बाजूचे काही मित्र लगेच खजुराहोचे फोटो काढतात, शिखंडीला साक्षीला बोलावतात आणि इंग्रज येण्याआधी इथे सगळं आलबेल होतं असं सांगतात. हेही खोटंच. कुमारिकेला दूषित करणाऱ्या प्रौढ स्त्रीचं मुंडण करावं किंवा दोन बोटं छाटावीत आणि तिची गाढवावरून धिंड काढावी, असं तीच मनुस्मृती सांगते. पुरुषाला आंघोळ, बाईला धिंड! शिवाय देवळाच्या भिंतीवर कोरलेलं सगळं घरात चालत होतं, असं मानायला आधार नाही. आणि समजा असता, तरी काय? जुनं म्हणून ग्राह्य, हे एकदा मान्य केलं की अस्पृश्यतेलाही कुलमुखत्यारपत्र मिळतं. सुधारणेसाठी शास्त्राधार शोधायचा की विवेकाला कौल लावायचा, हा वाद महाराष्ट्रात आगरकरांच्या काळीच होऊन गेलेला आहे. तो पुन्हा पहिल्यापासून खेळायची हौस मला नाही.

विवेकाची बाजू इथे कधी मांडलीच गेली नाही, असंही नाही. र. धों. कर्वे आपल्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना सरळ उत्तरं देत. त्यांत समलिंगी संबंधांविषयीचे प्रश्नही असत. 1934 मध्ये अशाच उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांचं वकीलपत्र घेतलं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. लैंगिक विषयावर लिहिलं एवढ्यानेच ते अश्लील ठरत नाही, हा त्यांचा मुद्दा. खटला हरले, कर्व्यांना दंड झाला. अंक मात्र 1953 पर्यंत, कर्वे जाईपर्यंत निघत राहिला.

आता राहिला सर्वांत घरगुती युक्तिवाद: ‘लग्न लावून द्या, होईल सरळ.’ जागतिक आरोग्य संघटनेने 1990 मध्येच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. आजारच नाही तिथे औषध कसलं? पण या औषधाची मात्रा ज्या मुलीला चाटवली जाते, तिच्याबद्दल हे हितचिंतक अवाक्षर काढत नाहीत. पत्रिका बघितली, हुंडा ठरला, आणि नवरा आपल्याकडे का बघत नाही हे तिने आयुष्यभर आरशाला विचारायचं. इथे मेकॉलेला बोल लावता येत नाही. ही सोय आपली आपणच केलेली आहे.

कलम 377बाबत न्यायालयाची पावलंही सरळ पडलेली नाहीत. 2009 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने मोकळं केलेलं 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा बांधलं, आणि 6 सप्टेंबर 2018 रोजी पाच न्यायमूर्तींनी एकमताने सोडवलं. मला जास्त मोलाचे वाटतात ते मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती आनंद व्यंकटेश. 2021 मध्ये दोन तरुणींच्या प्रकरणात, आपल्याला हा विषय नीट समजलेला नाही असं मोकळेपणी सांगून ते स्वतःच मानसशास्त्रज्ञाकडे शिकायला बसले आणि मगच निकाल लिहिला. एवढी तसदी आपल्यातल्या किती काका-मामांनी घेतली आहे?

2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विवाहाचा हक्क नाकारून तो प्रश्न संसदेकडे टोलवला. पुढच्या वर्षी अर्थ मंत्रालयाने खुलासा केला की अशा जोडप्यांना बँकेत संयुक्त खातं उघडायला आडकाठी नाही. ठीक आहे. पण दोघांनी मिळून हप्ते फेडलेला फ्लॅट एकाच्याच नावावर असेल, आणि तो मृत्युपत्र न करता गेला, तर हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या वारसयादीत जोडीदाराला जागा नाही. आईवडील हयात नसतील तर तो फ्लॅट जातो भावाबहिणींकडे. ‘तुझं हे खूळ संपेपर्यंत तुझ्या घरी पाय ठेवणार नाही’ म्हणालेल्या भावाकडेसुद्धा.