वेगाचें वेड
आमच्या पुतण्याच्या खोलींत देवांच्या तसबिरींशेजारीं शर्यतीच्या मोटारींचीं चित्रें टांगलेलीं आहेत. “यांत एवढें काय आहे?” असें विचारतांच त्यानें इटलींतील ‘मिल्ले मिलिया’ शर्यतीची १९५५ सालची हकीकत सांगितली. सुमारें १००० मैलांची वाट स्टर्लिंग मॉसनें १० तास ८ मिनिटांच्या आंत कापली. यंत्राच्या गर्जनेंत शब्द ऐकूं येईना. म्हणून शेजारीं बसलेला जेन्किन्सन टिपणांची गुंडाळी उलगडीत पुढचें वळण हाताच्या खुणेनें सांगे, आणि मॉस त्यावर विसंबून गाडी भरधांव सोडी. हा विश्वास ऐकून आम्हीहि थक्क झालों.

पण १९५७ सालीं त्याच शर्यतींत एक मोटार प्रेक्षकांत घुसली. नऊ प्रेक्षक गेले, त्यांत पांच मुलें होतीं. हेंहि पुतण्यानेंच सांगितलें, मान खालीं घालून. वेड आहे, पण डोळस आहे. चित्रें राहूं द्यावींत.