नुसतं बेसन-भाकर

मराठी भाषेत कृतघ्न शब्द पुष्कळ आहेत. पण त्या सगळ्यांचा म्होरक्या निवडायची वेळ आली, तर माझं मत 'नुसतं' या शब्दाला. दिसायला हा शब्द अगदी गरीब. 'नुसतं बसलोय', 'नुसता ताप आलाय', 'नुसता मॅट्रिक आहे', कुठंही निमूटपणे बसतो, जागा अडवत नाही. पण एखाद्या चांगल्या गोष्टीच्या पुढे जाऊन उभा राहिला, की तिची किंमत बसल्या जागी अर्ध्यावर आणतो. त्याचा आमच्या बुलढाणा जिल्ह्यातला सर्वांत मोठा बळी म्हणजे बेसन-भाकर.

संध्याकाळी कुणाच्याही घरात डोकावून विचारा, "काय केलंय आज?" उत्तर ठरलेलं. "काही नाही, नुसतं बेसन-भाकर." भाकर स्त्रीलिंगी आहे, तेव्हा निदान 'नुसती' म्हणा; पण अपमान करताना व्याकरण कोण बघतो! आणि हे 'काही नाही' कधी म्हटलं जातं? तर घरातली बाई तासभर विस्तवापुढे घाम गाळून उठल्यावर. तासभर राबून जे तयार झालं, ते 'काही नाही'. हाच न्याय कचेऱ्यांना लावला, तर संध्याकाळी पाच वाजता सगळा महाराष्ट्र 'काही नाही' करून घरी परततो असं म्हणावं लागेल. (ते कधीकधी खरंही असतं, पण तो वेगळा विषय.)

आमचं उंद्री चिखली तालुक्यातलं, चिखलीहून खामगावला जाणाऱ्या रस्त्यावरचं. गावाला उदयनगर असं दुसरंही नाव आहे. लिहिताना उदयनगर, बोलताना उंद्री. आणि वर्तमानपत्रवाले भांडण नको म्हणून दोन्ही छापतात, एक कंसाबाहेर नि एक कंसात. पदार्थाचीही तीच तऱ्हा. पुण्यामुंबईकडे पातळ असलं तर पिठलं, कोरडं झालं तर झुणका. कोकणात कुळथाचं पीठ. आमच्याकडे एकच नाव, बेसन. दुकानात पुडीत मिळतं तेही बेसन आणि ताटात येतं तेही बेसन. मधे जे काही घडतं त्याला नावच नाही. आणि माझं भांडण नेमकं त्या मधल्या भागाविषयी आहे.

आता यात 'नुसतं' काय आहे, ते मला कुणीतरी समजावून सांगावं. कढईत तेल, मोहरी, जिरं, ठेचलेला लसूण, हिरवी मिरची, हात न आखडता चिरलेला कांदा, हळद. पाणी घालून उकळी आणायची आणि मग एका हातानं पीठ वैरायचं, दुसऱ्या हातानं ढवळायचं. दोन हातांना एकाच वेळी दोन वेगळी कामं. ही विद्या तबलजींना बारा वर्षांनी येते आणि त्यांना लोक उस्ताद म्हणतात. पीठ एकदम पडलं, तर गोळ्याचा बाहेरचा थर उकळत्या पाण्यात तत्काळ शिजून घट्ट होतो, आतलं पीठ कोरडंच राहतं आणि गुठळी होते. हे टाळणं ही एक कला. पण त्याहून वरची पायरी म्हणजे 'गाठीचं पिठलं'. त्यात गुठळ्या मुद्दाम करायच्या, आणि तरी त्या आतून शिजलेल्या पाहिजेत! चूक करून ती बरोबर आणणं हे आजवर फक्त राजकारणी आणि आमच्याकडच्या आज्या यांनाच जमलं आहे.

आणि भाकर? तिच्याविषयी तर बोलायचं म्हणजे आवाज खाली आणावा लागतो. गव्हात ग्लुटेन नावाचं चिवट प्रथिन असतं, म्हणून पोळी कशीही लाटली तरी एकत्र राहते. ज्वारीत ते नाही. ज्वारीचं पीठ म्हणजे बिनबहुमताचं सरकार. प्रत्येक कण आपापल्या वाटेनं जायला मोकळा. त्याला उकळतं पाणी घालून, थोडी चिकी आणून, तळव्याच्या टाचेनं मळून मळून एकत्र नांदायला लावायचं. मग परातीत थापायचं. पोळीला पोळपाट-लाटणं लागतं, म्हणजे तिथं यंत्रसामग्री आहे. भाकरीला दोन तळहात. थापताना ती गोल फिरते, कडा तुटत नाहीत, मधे जाड राहत नाही. मग ती उचलून तव्यावर टाकायची, वरच्या अंगाला पाण्याचा हात फिरवायचा, ते पाणी सुकायच्या आत नेमक्या क्षणी उलटायची, आणि शेवटी निखाऱ्यापुढे उभी करायची. टम्म फुगली, पापुद्रा सुटला, की झाली. हे सगळं एका भाकरीचं. अशा दहा. आणि अकरावी स्वतःची, सगळ्यांचं जेवून झाल्यावर, बहुधा गार.

पोषणशास्त्रवाल्यांना विचाराल, तर ते सांगतील की ज्वारीत लायसिन हा घटक कमी असतो आणि हरभऱ्यात तो भरपूर असतो. हरभऱ्यात जे कमी, ते ज्वारी भरून काढते. म्हणजे बेसन आणि भाकर यांचं लग्न पत्रिका जुळवून झालेलं आहे. कुणा अडाणी म्हणवल्या गेलेल्या बाईनं ते प्रयोगशाळेशिवाय जुळवलं, एवढाच तिचा गुन्हा.

साध्या जेवणाची निंदा करण्याची खोड आपल्यापुरतीच आहे असं मात्र नाही. अमेरिकेच्या फौजेत वाळवलेल्या बीफचे काप पिठाच्या पांढऱ्या रश्शात घालून भाजलेल्या पावावर ओततात. त्यांच्या 1910 सालच्या लष्करी पाकपुस्तकातही ही कृती आहे. शिपायांनी त्या पदार्थाचं जे बारसं केलं ते इथं छापण्यासारखं नाही. आद्याक्षरं मात्र 'एस. ओ. एस.', बुडतं जहाज पाठवतं तीच. गंमत अशी, की फौजेत असताना शिव्या घालणारे हेच शिपाई घरी गेल्यावर तेच करून मागू लागले. मुद्दा तोच: पिठाचा रस्सा, खाली भाकर किंवा पाव, आणि खाणाऱ्याच्या तोंडात आधी शिवी, मग पाणी.

बरं, बेसन-भाकरीला हिणवणाऱ्यांचं एक वेळ परवडलं, पण तिची आरती ओवाळणाऱ्यांना आवरा. शहरात हल्ली 'गावरान' हॉटेलं निघाली आहेत. दारात बैलगाडीचं चाक, भिंतीवर कंदील, फेटा बांधलेला वाढपी. तिथं मातीच्या वाटीत तीन चमचे पिठलं आणि शेजारी तळहाताएवढी भाकर येते, आणि मागोमाग बिल येतं, त्यावरचा आकडा मात्र अजिबात गावरान नसतो. घरी 'नुसतं बेसन' म्हणून नाक मुरडणारे तिथं डोळे मिटून म्हणतात, "वा! अस्सल!" घरी तीच भाकर फुकट मिळत होती तेव्हा हे डोळे उघडे होते, पण वर्तमानपत्रात होते. बायकोच्या हातच्या भाकरीला दाद द्यायला ज्यांना तीस वर्षांत एक शब्द सुचला नाही, ते वाढप्याला टीप देतात.

सरकारचीही तीच गत. 1995 साली युतीच्या सरकारनं एक रुपयात झुणका-भाकर द्यायचं ठरवलं. केंद्रं निघाली. मग पुष्कळ केंद्रांवर झुणका-भाकर सोडून बाकी सगळं मिळू लागलं, आणि योजना विझली. पुढे 2020 च्या जानेवारीत शिवभोजन थाळी आली, दहा रुपयांची. तिच्यात दोन चपात्या, भाजी, वरण आणि भात. कुणी लक्षात घेतलं का? 25 वर्षांत गरिबाच्या सरकारी ताटातून भाकर उठली आणि तिच्या जागी चपाती येऊन बसली. तिला ना निरोप, ना शाल-श्रीफळ.

आमच्या जिल्ह्यात निदान एक जागा आहे, जिथं भाकरीचा मान राहिला. शेगाव. गजानन महाराज 23 फेब्रुवारी 1878 रोजी लोकांना प्रथम दिसले, ते उष्ट्या पत्रावळीवरची शितं वेचून खाताना, असं त्यांचं चरित्र सांगतं. त्यांच्या नैवेद्याला आजही घरोघर बेसन-भाकर, अंबाडीची भाजी, कांदा, मिरची असते. तो नैवेद्य दाखवताना "महाराज, काही नाही हो, नुसतं बेसन-भाकर आहे" असं म्हणणारा भक्त मी अजून पाहिलेला नाही. मात्र तोच भक्त संध्याकाळी पाहुणा आला, की शरमेनं लाल होतो. "भावजी, आज काही केलंच नाही हो," असं वहिनी दारातच सांगते आणि पोराला पनीर आणायला पिटाळते. म्हणजे देवाला चालतं ते भावजींना चालत नाही. भावजी देवापेक्षा मोठे असतील, माझी ना नाही. पण त्यांना कधी कुणी विचारून तरी बघावं. बहुतेक भावजींना बेसनच हवं असतं.

आता जरा गंभीर व्हावं लागतंय, ते वावरामुळे. खरिपात वऱ्हाडात एके काळी ज्वारी डोक्याच्या वर जायची. 1964 साली सीएसएच-1 हे संकरित वाण आलं, गावोगाव 'हायब्रीड' झालं. 1972 च्या दुष्काळात रेशनवरचा परदेशी लाल मिलो खाताना आपल्या ज्वारीची किंमत लोकांना कळली, आणि नंतर पुन्हा विसरली गेली. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत सोयाबीननं शिवार व्यापलं. मी शेतकऱ्याला बोल लावणार नाही. सोयाबीन शंभर-एक दिवसांत पैसा दाखवतं. ज्वारीला पाखरं, रानडुकरं, रोही सगळे भागीदार. दाणा भरताना पाऊस आला की कणसं काळी. सोंगणीला मजूर नाही. हिशेब त्यानं बरोबरच केला. पण ज्वारी गेली, तिच्याबरोबर कडबा गेला, कडब्याबरोबर गोठ्यातली जनावरं कमी झाली, आणि आता उंद्रीतली बाई ज्वारी किलोच्या भावानं दुकानातून आणते. सोयाबीनची भाकर होत नाही, हे त्या पिकाच्या विरोधात कुणीच मांडलं नाही, म्हणून मी मांडतो.

संयुक्त राष्ट्रांनी भारताच्याच प्रस्तावावरून 2023 हे भरडधान्यांचं वर्ष म्हणून पाळलं. परिसंवाद झाले, ज्वारीची बिस्किटं झाली, ज्वारीचा केक झाला. ज्वारीचं सगळं काही झालं. भाकर मात्र 'नुसती' राहिली. आणि जी वस्तू आपणच चारचौघांत 'काही नाही' म्हणून वाढतो, ती कुणी वावरात का पेरावी, आणि पोरींनी तरी थापायला का शिकावी? शब्दानं माणूस मरत नाही म्हणतात. पीक मरतं.

तेव्हा माझ्या मागण्या तीनच. पहिली, 'काय केलंय?' याचं उत्तर ताठ मानेनं 'बेसन-भाकर' असं यावं, मागेपुढे काही नको. दुसरी, ज्या पुरुषांना चुलीवरच्या भाकरीची आठवण येऊन गहिवरतं, त्यांनी गहिवर आवरून आधी परात ओढावी आणि एक भाकर थापावी; बाईनं त्या दिवशी पहिल्या पंगतीला बसावं आणि गरम खावं. तिसरी, वावराच्या एका कोपऱ्यात घरापुरती तरी ज्वारी असावी. डुकरांचा वाटा धरून.

एवढं झालं, की 'नुसतं' हा शब्द मोकळा होईल. तो बेकार बसेल अशी काळजी नको. भाषणं आहेत, आश्वासनं आहेत, उद्घाटनाच्या कोनशिला आहेत. तिथं त्याची फार दिवसांपासून गरज आहे.