तोळा किती ग्रॅमचा?

पौष शुद्ध सप्तमीस, गुरुसप्तमीच्या निमित्ताने, मोहनखेडा तीर्थावर यात्रेकरूंची जी दाटी होते तीत व्यापारी वर्ग फार मोठा असतो. राजगढ-सरदारपूरचे स्थानिक दुकानदार, धार-देवास-इंदूरकडील पेढीवाले, गुजरातेतील व राजस्थानातील बंधू, आणि महाराष्ट्रातून सहकुटुंब आलेली मंडळी. दर्शन-पूजा झाली, भोजनशाळेतील पंगत उठली, की धर्मशाळेच्या ओसरीवर ज्या गोष्टी निघतात त्या बहुधा धंद्याच्याच असतात. अशाच एका बैठकीत मागे धान्याच्या भावाची चर्चा चालली होती. गुजरातेतील एका गृहस्थांनी मणाचा भाव सांगितला. तो ऐकून महाराष्ट्रातील एका आडत्याने आश्चर्याने मान हलविली व आपला मणाचा भाव सांगितला. तो जवळजवळ दुप्पट होता. क्षणभर कोणासच उलगडा होईना. शेवटी ध्यानात आले की, एकाचा मण २० किलोचा, तर दुसऱ्याचा ४० किलोचा. तेवढ्यात कोपऱ्यात बसलेल्या एका वयोवृद्ध शेठजींनी सांगितले की दोन्ही मण खोटे. खरा मण चाळीस शेरांचा, म्हणजे ३७ किलो ३२४ ग्रॅमचा! सर्वजण मनमुराद हसले आणि विषय पालटला.

आम्ही मात्र त्या हसण्यात पुरते सामील होऊ शकलो नाही. मापांच्या प्रश्नाचा निकाल कायद्याने केव्हाच लागला, असे आपण समजून चालतो. व्यवहारात मात्र तो अद्याप लागलेला नाही, आणि त्याची झळ ज्यास लागते तो बहुधा काउंटरच्या आपल्या बाजूस नसतो. म्हणून या वर्षीच्या स्मरणिकेत सभासद बंधु-भगिनींपुढे हा विषय मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम पूर्वेतिहास थोडक्यात सांगतो. १९३९ च्या कायद्याने १८० ग्रेनचा तोळा, ८० तोळ्यांचा शेर व ४० शेरांचा मण ठरविला गेला. परंतु तो ब्रिटिश मुलखापुरता होता. धार-देवाससारख्या संस्थानांची गोष्ट वेगळी. देवास शहरात तर थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन संस्थाने एकाच गावात नांदत होती! स्वातंत्र्यानंतर ही संस्थाने प्रथम मध्य भारतात व १९५६ साली मध्य प्रदेशात आली, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात वजने व मापे यांचा देशव्यापी कायदा संमत झाला. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली. १ ऑक्टोबर १९५८ पासून किलोग्रॅमची वजने टप्प्याटप्प्याने सुरू झाली व १ एप्रिल १९६२ पासून वजनांच्या बाबतीत तीच काय ती ग्राह्य राहिली. पुढे वाराच्या जागी मीटर आणि गॅलनच्या जागी लिटर आले.

त्या काळी दुकानांतून जी कुरकुर झाली तिला केवळ जुनाटपणा म्हणून उडवून लावणे अन्यायाचे होईल. जुन्या मापांत एक संपूर्ण अंकगणित गुंफलेले होते. मण चाळीस शेरांचा आणि रुपया सोळा आण्यांचा. तेव्हा जितके रुपये मण, तितक्या आण्यांना अडीच शेर. शेराच्या छटाका सोळा. तेव्हा जितके रुपये शेर, तितके आणे छटाक. कागद नको, पेन्सिल नको. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी हे पाढे ज्यांनी शाळेच्या ओट्यावर घोकले, त्यांस गिऱ्हाइकाने पिशवी उघडण्यापूर्वी रक्कम तोंडपाठ असे. नव्या नाण्यांनी ही सारी विद्या एका दिवसात निरुपयोगी केली. आणा सव्वासहा नव्या पैशांचा झाला आणि पाव पैशाचे नाणे तर नव्हते! कोष्टकाप्रमाणे एका आण्याचे ६ नवे पैसे आणि तीन आण्यांचे १९. म्हणजे एक एक आण्याच्या तीन वस्तू निरनिराळ्या घेतल्या तर १८ पैसे, एकदम घेतल्या तर १९. त्या एका पैशावरून किती भांडणे झाली असतील याची कल्पनाच करावी.

दशमान पद्धतीतही तशीच सोय आहे, हे ध्यानात यावयास मात्र वेळ लागला. जितके रुपये क्विंटल, तितके पैसे किलो. जितके रुपये किलो, तितके पैसे दहा ग्रॅम. हा हिशेब तर पूर्वीपेक्षाही सोपा आहे. दुर्दैव एवढेच की, तो जिभेवर बसेपर्यंत खुद्द पैसाच बाजारातून नाहीसा झाला.

तेव्हा किलो चांगला की शेर चांगला, या वादात आम्हांस आता रस नाही. विलायतेत तो वाद कालपरवापर्यंत गाजत होता. तेथे २००० सालापासून सुटा माल मेट्रिक मापाने विकणे बंधनकारक झाले, आणि पौंडांच्या काट्यावर केळी विकणाऱ्या संडरलंडच्या स्टीव्ह थोबर्न या फळविक्रेत्यास २००१ मध्ये न्यायालयाने दोषी ठरविले. त्यावरून मोठे रण माजले. २०२२ मध्ये तेथील सरकारने जुनी मापे परत आणावीत काय म्हणून लोकांस विचारले, तेव्हा एक लाखाहून अधिक उत्तरे आली व त्यांतील ९८.७ टक्के मेट्रिकच्या बाजूची निघाली. तरीही तेथील रस्त्यांवर मैल आहेत आणि पेयगृहांत पाइंट आहे. जुनी मापे सहजासहजी मरत नाहीत, हे तेथेही दिसते.

आपल्याकडे ती कोठे कोठे जिवंत आहेत ते पाहावे. सुताराची प्लायवूडची फळी आठ फूट बाय चारची. घराची जागा चौरस फुटांत, शेत एकरांत, गुंठ्यांत किंवा इकडे माळव्यात बिघ्यांत. आणि बिघा गावोगाव निराळा. दूरचित्रवाणीचा संच खोक्यावर सेंटिमीटरांत, मुखाने इंचांत. रुईचा भाव अजूनही खंडीचा, आणि ती खंडी ३५६ किलोंची. कारण जुनी मुंबईची खंडी ७८४ पौंडांची होती, तिचे रूपांतर तेवढे होते. या सर्वांची आम्हांस सारखीच चिंता वाटत नाही. रुईचा व्यवहार जाणत्यांचा जाणत्यांशी असतो. खंडी म्हटली की दोघांच्याही मनात एकच आकडा उभा राहतो. नऊवारी लुगड्यास कोणी सव्वाआठ मीटरी म्हणू लागले तर आम्हीच प्रथम हसू. 'वार' येथे नाव म्हणून उरला आहे, माप म्हणून नव्हे. 'पाव किलो' म्हणतांना 'पावशेरा'चा पाव जिभेवर राहिला, त्यातही कोणाचे काही बिघडले नाही.

बिघडते ते एकाच शब्दाची दोन मापे होतात तेव्हा. असा सर्वांत धोक्याचा शब्द 'तोळा' हा होय.

कायद्याने ठरलेला जुना तोळा ११.६६४ ग्रॅमचा. सराफ्यातील दहा तोळ्यांचे बिस्किट आजही ११६.६४ ग्रॅमचे असते, ते याच हिशेबाने. परंतु महाराष्ट्रातील बहुतेक दुकानांतून आणि घराघरांतून आता १० ग्रॅमलाच तोळा म्हणतात. वर्तमानपत्रातील भाव १० ग्रॅमचा असतो, म्हणून तो बदल आपोआप घडून आला. कोणी कट केला असे नव्हे. परंतु दोन तोळ्यांतील अंतर १.६६४ ग्रॅमचे, म्हणजे जुन्या तोळ्याचा जवळजवळ सातवा हिस्सा आहे. शेरावरून किलोवर येतांना फरक शेकडा सातांचा होता; त्यावरून केवढा गदारोळ झाला! हा तर त्याच्या दुप्पट आहे आणि तोही सोन्यात, तरी त्याविषयी कोणी अवाक्षर काढीत नाही. हॉलमार्क सोन्याची शुद्धता सांगतो. तोळा किती ग्रॅमचा धरला, हे तो सांगत नाही.

दुसऱ्यांस सांगण्यापूर्वी आमच्याच घरातील गोष्ट सांगणे योग्य होईल. आमच्या वडिलांच्या वहीत आमच्या दोन आत्याबाईंसाठी पंचवीस तोळे सोने वेगळे काढून ठेवल्याची नोंद होती. नोंद नव्या वजनांपूर्वीची. वाटणीच्या वेळी आम्ही बंधूंनी ते काट्यावर घातले, २५० ग्रॅम मोजले, दोघींस समसमान दिले आणि कर्तव्य पार पाडल्याच्या समाधानात घरी परतलो. धाकट्या आत्याबाई काही बोलल्या नाहीत. थोरल्या आत्याबाईंनी मात्र निरोप पाठविला : "बाबांनी पंचवीस तोळे ठेवले होते. बारा माशांचा तोळा आणि आठ गुंजांचा मासा, एवढे मला अजून येते. तुम्ही कोणत्या तोळ्याने मोजले?" आम्ही हिशेब केला. पंचवीस जुने तोळे म्हणजे २९१.६ ग्रॅम. आमच्याकडे ४१.६ ग्रॅम सोने राहिले होते, जुन्या मापाने साडेतीन तोळ्यांहून अधिक! आयुष्यभर तराजूपाशी बसलेल्या आम्हां भावांपैकी एकाच्याही मनात ही शंका आली नव्हती. राहिलेले सोने दिवाळीपूर्वी पोहोचते केले. आत्याबाईंनी ते ठेवून घेतले आणि तो विषय पुन्हा काढला नाही. तथापि त्यांच्या ओसरीवर बसतांना आम्हांस अजून थोडे संकोचल्यासारखे होते.

घरात वही होती, आणि गुंजा-मासे ठाऊक असलेली आत्या होती, म्हणून चूक उघडकीस आली. राजगढच्या हाटास येणाऱ्या भिल्ल किंवा भिलाला कुटुंबाकडे वही कोठून असणार? आजीने ठेवलेले सोने पाच तोळ्यांचे आहे, एवढेच त्या घरास ठाऊक असते. ते मोडावयास आणले आणि दुकानदाराने 'पाच तोळे' या शब्दावरच १० ग्रॅमच्या तोळ्याने हिशेब मांडला, तर ८.३ ग्रॅम सोने जागच्या जागी लुप्त होते. काटा खरा, वजनांवर सरकारी शिक्का, भाव त्या दिवसाचा. आणि तरीही माप खोटे.

आपण प्रतिक्रमणात वंदित्तु सूत्र म्हणतो, तेव्हा तिसऱ्या अणुव्रताच्या अतिचारांत कूटतुला आणि कूटमान यांचा उच्चार करतो. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात तोच दोष हीनाधिक मानोन्मान या नावाने येतो : घेतांना अधिक मापाने घ्यावे, देतांना उण्या मापाने द्यावे. पूर्वी त्यासाठी दोन वजने बाळगावी लागत. इलेक्ट्रॉनिक काट्याने ती सोय नाहीशी केली खरी. परंतु दोन अर्थांचा एक शब्द बाळगला तर दुसऱ्या वजनाची गरजच काय? जाणूनबुजून असे करणारे थोडे असतील, आणि आमच्या सभासदांत ते नसावेत असा आमचा विश्वास आहे. पण आमच्या घरी जे झाले ते जाणूनबुजून झाले नव्हते, आणि आत्याबाईंचे सोने त्यामुळे कमी कमी राहिले असे नाही.

यावर दोन प्रकारचे उत्तर आम्ही ऐकतो. काहीजण म्हणतात, जुने शब्द सरसकट बंद करावेत. २००९ च्या वैधमापन कायद्याचा रोखही तसाच आहे. प्रमाणित एककाखेरीज अन्य मापाने भाव तोंडी सांगणेसुद्धा त्याने वर्ज्य केले आहे. परंतु 'दोन तोळ्यांची पोत दाखवा' असे म्हणत आलेल्या माउलीस 'वीस ग्रॅम म्हणा' असे कोण सांगणार? तिची भाषा तिच्यापाशी राहू द्यावी. याउलट काही बंधू म्हणतात की, सर्वांस सर्व समजते, उगाच गिऱ्हाइकाच्या मनात किंतु का घालावा. हे म्हणणे आम्हांस मुळीच पटत नाही. सर्वांस समजते तर सांगावयास हरकत नसावी. आणि समजत नसेल तर न सांगणे योग्य नव्हे. सांगितल्याने गिऱ्हाईक बिथरते हा अनुभव आमचा तरी नाही. उलट काट्याजवळ उभे राहून सांगितलेली गोष्ट ते घरी जाऊन चार जणांस सांगते.

आणखी एक लहानशी गोष्ट. ग्रॅम आला म्हणजे सचोटी आली, असेही नव्हे. पूर्वी अर्ध्या किलोचे असलेले पुडके मुकाट्याने ४५० ग्रॅमचे होते आणि किंमत तीच राहते, हे किराणा दुकानदारांस सांगावयास नको. ठराविक वजनांचे बंधन २०२१ च्या नियम-दुरुस्तीने काढले गेले आणि त्याऐवजी एककाची किंमत छापावयास सांगितले. ती बारीक अक्षरे किती ग्राहक वाचतात? दुकानदाराने तोंडाने सांगावे, एवढाच उपाय तेथेही दिसतो.

आमची सूचना साधी आहे. १९५८ नंतर दुकानोदुकानी शेर-किलोची कोष्टके भिंतीवर लागली, तशीच एक पाटी आपल्या संघाने छापून प्रत्येक सभासदाकडे पाठवावी. ती गल्ल्यामागे नव्हे, काट्यासमोर, ग्राहकास वाचता येईल अशी लावावी. मराठीत आणि हिंदीत. आणि ज्यास वाचता येत नाही त्यास वाचून दाखवावी. मजकूर इतकाच पुरे :

"जुना तोळा ११.६६४ ग्रॅम. या दुकानात भाव १० ग्रॅमचा सांगितला जातो. पावतीवर वजन ग्रॅममध्येच लिहिले जाईल. आपले जुने दागिने प्रथम ग्रॅममध्ये तोलून आपणांस दाखविले जातील, मगच भाव सांगितला जाईल."

पाटीच्या छपाईचा खर्च संघाने सोसावा की सभासदांनी, हे पुढील सभेत ठरविता येईल. आमच्या पेढीवर ती गेल्या अक्षय्यतृतीयेपासून हाताने लिहून लावलेली आहे.