तंबू हवा, पण मर्यादवेलीच्या मागे



दिवाळी झाली की आपल्या पेडणे तालुक्याच्या किनाऱ्यावर तंबू दिसायला लागतात. केरीच्या सुरूच्या झाडांखाली, हरमल-मांद्र्याच्या पुळणीवर, अगदी होड्यांच्या रांगेतसुद्धा. यंदा त्यावरून आपल्यात दोन तट पडलेत. एक म्हणतो, सगळ्यांना हाकलून द्या. दुसरा म्हणतो, दोन पैसे मिळतायत तर मिळू देत, मासळी तरी कुठे पूर्वीसारखी राहिलीय? माझं म्हणणं दोघांपेक्षा थोडं वेगळं आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

बाहेरून येणाऱ्याला दुपारचा किनारा रिकामा दिसतो. होड्या वर ओढलेल्या, जाळी वाळत टाकलेली, माणूस कोणी नाही. त्याला वाटतं, जागा मोकळी आहे. त्याचा तरी काय दोष? त्याला कोणी सांगितलेलंच नाही की ही कामाची जागा आहे. शेतकऱ्याच्या खळ्यावर मळणीच्या दिवसांत कोणी अंथरूण घालतं का? आपली पुळण म्हणजे आपलं खळंच.

रापण कशी ओढतात हे आपल्याला ठाऊक आहे, पण नव्या पोरांसाठी आणि हे वाचणाऱ्या बाहेरच्यांसाठी लिहितो. होडी जाळं घेऊन अर्धगोल फिरते, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर येतात आणि दोन बाजूंनी माणसं ओढत ओढत जवळ सरकत जातात. त्याला लांबलचक, साफ वाळू लागते. मध्ये तंबू आला तर ओढ तिथेच अडते. तंबूचा खुंटा वाळूत विसरला तर जाळं फाटतं. फुटकी बाटली राहिली तर ओढणाऱ्याचा पाय कापतो. पहाटे आपण कामाला लागतो तेव्हा तंबूतली माणसं नुकती झोपलेली असतात. त्यांना उठवायचं तर भांडण, न उठवायचं तर तारलीचा थवा निघून जातो. त्यात रापणीचा हंगाम आणि पर्यटकांचा हंगाम एकच. सहा महिने त्यांचे, सहा महिने आमचे अशी वाटणी इथे करता येत नाही. वाटणी करायची तर ती जागेचीच करावी लागेल.

दुसरी गोष्ट जिवाची. संध्याकाळी ओहोटी असली की ओली वाळू सपाट, घट्ट असते. खुंटा छान बसतो, समोर सूर्य बुडताना दिसतो, तंबू तिथेच लागतो. सहा तासांनी तिथे पाणी. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला आपल्याकडे भरती-ओहोटीतला फरक दोन मीटरच्या आसपास जातो आणि सपाट पुळणीवर तेवढं पाणी चढलं म्हणजे ते किती आत येतं हे आपण रोज बघतो. नदीच्या मुखाजवळ तर आणखी वाईट. तेरेखोल आणि चापोऱ्याच्या तोंडाशी ओहोटीची ओढ पट्टीच्या पोहणाऱ्यालाही नेते. रात्री जीवरक्षकांचे टॉवर रिकामे असतात. कोणी बुडायला लागलं की हाक मारायला लोक मच्छीमारांच्याच दारात येतात. आणि आपण जातो. जायलाच हवं.

तिसरी गोष्ट कासवांची. साधारण नोव्हेंबर ते मार्चमध्ये ऑलिव्ह रिडले मादी रात्री वाळूत चढून शंभरेक अंडी घालते. पिल्लं ४५ ते ६० दिवसांनी बाहेर पडतात आणि जिकडे उजेड जास्त तिकडे चालायला लागतात. काळोख्या किनाऱ्यावर तो उजेड समुद्राकडचा असतो. तंबूवर बल्बांच्या माळा असल्या की पिल्लं उलटी माडांकडे चालतात आणि कुत्र्या-कावळ्यांच्या तोंडी जातात. बारकी होडी रात्री परतते तीही किनाऱ्यावरच्या ओळखीच्या दिव्यांच्या खुणेवर. उजेडाचा त्रास कासवाला आहे तसा आपल्यालाही आहे.

कायद्याचं म्हणाल तर २०११ च्या सीआरझेड अधिसूचनेत गोव्यासाठी वेगळा भाग आहे. मांद्रे, मोरजी, आगोंद आणि गालजीबाग ही कासवांची ठिकाणं म्हणून तिथे नावानिशी नोंदवली आहेत. त्याच भागात मासेमारीची गावं अधिसूचित करून तिथे जाळी विणण्याच्या, होड्या दुरुस्त करण्याच्या, मासळी सुकवण्याच्या सोयींना पंचायतीनं परवानगी देण्याची तरतूद आहे. म्हणजे किनारा ही आपली कामाची जागा आहे हे सरकारी कागदानंही मानलंय. २०२२ च्या अखेरीस पर्यटन खात्यानं उघड्यावर स्वयंपाक करायला आणि बाटल्या फोडायला बंदी घालून दंडही ठेवला. कायदे आहेत. पण रात्री दोन वाजता पुळणीवर कायदा नसतो, आपण असतो.

मग काय करायचं? माझं म्हणणं असं. आपल्या किनाऱ्यावर निसर्गानंच एक रेघ मारून ठेवलीय. जांभळ्या फुलांची ती वेल, तिला आपण मर्यादवेल म्हणतो. समुद्राची मर्यादा दाखवते म्हणून मर्यादवेल. तिच्या पुढे समुद्राकडे एकही तंबू नको. तिच्यावर आणि वाळूच्या टेकाडांवरही नको, कारण ती वेल उपटली की वाळू उडते आणि मग घरांपुढचा बांध जातो. तंबू लागायचेच असतील तर मागे भाटात, माडांखाली, मालकाच्या संमतीनं आणि लागेल ती सरकारी परवानगी घेऊन. विहीर, शौचालय, कचऱ्याची सोय असेल तिथेच. शेकोटी नको, सुरूचा वाळलेला पाला एका ठिणगीनं पेटतो. समुद्राच्या बाजूला दिवा नको. मोरजी-मांद्र्याच्या कासवांच्या पट्ट्यात तर काहीच नको.

यात आपलं नुकसान आहे असं मला वाटत नाही. रत्नागिरी जिल्ह्यात वेळास गावात २००२ पासून कासवं राखली जातात. तिथे लोक पिल्लं बघायला लांबून येतात, पण झोपतात गावातल्या घरांत आणि जेवतात गावातल्याच चुलीवरचं. पुळण पुळणीच्या जागी राहिली आणि पैसाही गावातच राहिला. आपल्याकडे भात-हुमण, तळलेला बांगडा, सोलकढी खाऊ घालणाऱ्या बायका कमी आहेत का? ज्याला पहाटे रापण ओढायला हात लावायचाय त्यानं जरूर यावं, दोर धरावा. अशा पाहुण्याला पुळणीवर झोपायची गरजच काय?

आता थोडं घरातलं. काही तंबू आपल्याच माणसांनी भाड्यानं लावलेत, होड्यांच्या जागेवर. रात्रीचे पैसे मिळतात हे खरं. पण ज्या जागेवर आपण स्वतःच तंबू लावतो ती जागा मासेमारीची आहे असं उद्या कोणत्या तोंडानं सांगणार? एखादा मोठा ठेकेदार पन्नास तंबूंची परवानगी मागायला आला की पहिलं बोट तो आपल्याच तंबूकडे दाखवेल. सत्तरच्या दशकात ट्रॉलरांविरुद्ध रापणकार रस्त्यावर उतरले, तेव्हा कुठे १९८० चा मासेमारी नियमन कायदा आला. त्यांनी किनाऱ्याजवळच्या पाण्यासाठी भांडण केलं. आपल्याला निदान वाळू तरी राखता आली पाहिजे.

येत्या सर्वसाधारण सभेत मी हा विषय मांडणार आहे. होड्यांची जागा, रापणीचा पट्टा आणि कासवांचा पट्टा हे तिन्ही नकाशावर आखून पंचायतीला द्यायचे आणि दोन्ही भाषांत फलक लावायचे, एवढाच ठराव आहे. ज्यांचे तंबू आहेत त्यांनीही सभेला यावं, त्यांचं ऐकल्याशिवाय ठराव करायचा नाही. पण सभेला या. मागाहून नाक्यावर बोलण्यात अर्थ नाही.

आपला,
सचिव