दहाचे दहा

मतमोजणीनंतर / साप्ताहिक स्तंभ

23 नोव्हेंबर 2024 च्या दुपारपर्यंत कोल्हापूर जिल्ह्याचा निकाल दोन आकड्यांत सांगून झाला होता. महायुती दहा, महाविकास आघाडी शून्य. चंदगडचे शिवाजी पाटील अपक्ष म्हणून निवडून आले होते, पण ते मूळचे भाजपचेच, म्हणून त्यांनाही त्याच रकान्यात बसवलं गेलं. शिरोळ, शाहूवाडी आणि हातकणंगल्याच्या विजेत्यांची चिन्हं वेगळी होती, तरी रकाना तोच. संध्याकाळी वाहिन्यांवरच्या नकाशात चंदगडपासून शिरोळपर्यंत एकच रंग पसरला आणि ‘कोल्हापूर बदललं’ असा निर्वाळाही देऊन झाला.

त्याच्या अठरा दिवस आधी, 5 नोव्हेंबरला, अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यानंही आपली दहाची दहा मतं एकाच बाजूला टाकली होती. बाजू डोनाल्ड ट्रम्प यांची. आकडा जुळला हा योगायोग, पण विस्कॉन्सिन कोल्हापूरकरानं ओळखीचं मानावं असं राज्य आहे. तिथला शेतकरी गाईगुरांवर जगतो, चीज करण्यात ते राज्य अमेरिकेत पहिलं, आणि आपण अमेरिकेची दूधभूमी असल्याचं तिथल्या गाड्यांच्या नंबरप्लेटवर 1940 पासून छापलेलं असतं. आपण अजून ‘जगात भारी कोल्हापुरी’ गाडीच्या काचेवर चिकटवण्यापुरतेच आहोत.

राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत एका राज्याला दहा मतं कशी, हे ज्यांनी ‘गोकुळ’ दूध संघाची निवडणूक पाहिली आहे त्यांना समजवावं लागत नाही. सकाळी कॅन घेऊन गावच्या डेअरीत उभा असलेला उत्पादक गोकुळचा संचालक निवडत नाही. त्याची संस्था एका माणसाच्या नावानं ठराव करते, आणि तो ठरावधारक मत देतो. जिल्ह्यात लाखो उत्पादक आहेत, मत देणारे मात्र साडेतीन हजारांवर. अमेरिकेतही मतदार आधी आपल्या राज्याचे ठरावधारकच निवडतो आणि राष्ट्राध्यक्ष ते निवडतात. विस्कॉन्सिनचे असे दहा. फरक एवढाच, की तिथला ठरावधारक बहुतेक राज्यांत कायद्यानं बांधलेला असतो. तशी सक्ती राज्याला करता येते, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं 2020 मध्ये सांगूनही टाकलं. आपल्याकडं तो बांधलेला नसतो, म्हणून मतदानाच्या आधी त्याला सहलीला न्यावं लागतं.

अमेरिकेतल्या 48 राज्यांत नियम असा, की राज्यात एका मतानं पुढं असलेल्यालाही सगळे ठरावधारक मिळतात. मेन आणि नेब्रास्का ही दोनच राज्यं वाटणी करतात. विस्कॉन्सिनमध्ये ट्रम्प पुढं होते 29,397 मतांनी. मतदान झालं होतं 34 लाखांच्या आसपास. म्हणजे फरक एक टक्कादेखील नाही, आणि तरी दहाच्या दहा त्यांच्या. नकाशावर विस्कॉन्सिन लाल झालं, शेजारचं मिनेसोटा निळं राहिलं, आणि दोघांच्या मध्ये जणू भिंत असल्यासारखं दिसू लागलं.

आपल्याकडं असा नियम नाही. दहा जागांवर दहा वेगळ्या लढती होत्या. त्यातल्या करवीरमध्ये, जिथं 85 टक्क्यांच्या घरात मतदान झालं आणि राज्यात सगळ्यांत जास्त झालं, तिथं चंद्रदीप नरके काँग्रेसच्या राहुल पाटील यांच्यापुढं 1,976 मतांनी राहिले. एक हजार मतं इकडची तिकडं झाली असती तर ‘दहा-शून्य’चं ‘नऊ-एक’ झालं असतं, आणि मग मथळेही वेगळे आले असते. कोल्हापूर उत्तरमध्ये तर मतयंत्रावर काँग्रेसचा हातच नव्हता. राजेश लाटकरांचं नाव आधी जाहीर झालं, मग ते कापून मधुरिमाराजे छत्रपतींना उमेदवारी दिली गेली, आणि 4 नोव्हेंबरला, अर्ज मागं घ्यायच्या शेवटच्या दिवशी, त्यांनी माघार घेतली. लाटकर अपक्ष म्हणून प्रेशर कुकर घेऊन लढले. ज्या मतदाराला हाताचं बटण दाबायचं होतं त्याला ते सापडलंच नाही. त्याचा कौल कुठल्या रंगात रंगवणार? विस्कॉन्सिनमध्ये उलटं झालं होतं. रॉबर्ट केनेडी ज्युनियर यांनी उमेदवारी सोडली, तरी कायद्यामुळं नाव मतपत्रिकेवरून निघालं नाही, आणि मैदानात नसलेल्या माणसाला सतरा हजारांवर मतं पडली.

या दहा-शून्यापेक्षा मला जास्त खटकतं ते जूनमधलं बोलणं. 4 जून 2024 ला शाहू छत्रपती महाराज कोल्हापूर लोकसभेतून दीड लाखांवर मताधिक्यानं निवडून आले, तेव्हा पुढं ‘कोल्हापूर बदललं’ म्हणणारी हीच माणसं ‘पुरोगामी कोल्हापूर’, ‘राजर्षी शाहूंची नगरी’ असं म्हणत होती. महायुतीनं प्रचारात ‘मान गादीला, मत मोदीला’ अशी घोषणा दिली होती. लोकांनी मान आणि मत दोन्ही गादीलाच दिलं. पण त्याच दिवशी हातकणंगल्यात शिंदे यांच्या शिवसेनेचे धैर्यशील माने निवडून आले होते. शाहूवाडी, हातकणंगले, इचलकरंजी आणि शिरोळ हे जिल्ह्याचे चार विधानसभा मतदारसंघ त्याच लोकसभेत येतात. कागलनंही महाराजांना नव्हे, महायुतीच्या संजय मंडलिकांना आघाडी दिली होती. भरभरून मताधिक्य आलं ते करवीर आणि राधानगरीतून. म्हणजे जूनमध्येही जिल्हा एका रंगाचा नव्हता. तो फक्त आपल्या सोयीनं रंगवला गेला.

आणि सहा महिन्यांत ‘पलटी’ मारली म्हणून आश्चर्य करायचं तर मागची पानंही उलटावीत. 2014 च्या मोदी लाटेत राज्यात राष्ट्रवादीला चारच जागा मिळाल्या, त्यातली एक कोल्हापूर. धनंजय महाडिक 33 हजारांनी जिंकले. त्याच वर्षी विधानसभेला जिल्ह्यानं शिवसेनेला सहा आणि भाजपला दोन जागा दिल्या. काँग्रेसला एकही नाही. 2019 ला लोकसभेत शिवसेनेचे मंडलिक पावणेतीन लाखांच्या जवळपास मतांनी आले, आणि पाच महिन्यांनी विधानसभेत काँग्रेसचे चार, राष्ट्रवादीचे दोन आणि भाजपचा भोपळा. 2024 ला पुन्हा तेच, फक्त बाजू बदललेल्या. सलग तीनदा कोल्हापूरनं दिल्लीला एक आणि मुंबईला दुसरं पाठवलं आहे. याला लाट म्हणत नाहीत, सवय म्हणतात.

ही सवय विस्कॉन्सिनलाही आहे, आणि तिथं ती एकाच दिवसात दिसते, कारण एकाच मतपत्रिकेवर सगळी पदं असतात. ज्या दिवशी राज्य ट्रम्प यांना गेलं त्याच दिवशी सिनेटसाठी डेमोक्रॅटिक पक्षाच्या टॅमी बाल्डविन निवडून आल्या, त्यांचाही फरक 29 हजारांच्या आसपासच. म्हणजे काही हजार माणसांनी वर एका पक्षाला आणि त्याच कागदावर खाली दुसऱ्याला खूण केली. त्या राज्यात मतदार नोंदणी करताना पक्ष लिहावा लागत नाही. इतर अनेक राज्यांत लिहावा लागतो. मॅडिसन शहर ज्या काउंटीत आहे तिला लागून सॉक नावाची काउंटी आहे; तिनं 2016 ला ट्रम्प, 2020 ला बायडेन आणि 2024 ला पुन्हा ट्रम्प असा हिशोब ठेवला आहे.

तसाच हिशोब आमच्या दक्षिणचा आहे. आमचा कळंबा ज्या कोल्हापूर दक्षिण मतदारसंघात येतो तो 2009 च्या निवडणुकीला नव्यानं अस्तित्वात आला, अर्धा शहरातला, अर्धा करवीर तालुक्यातल्या गावांचा. कळंबा या दोन्हींच्या शिवेवर: तलाव आणि ग्रामपंचायत गावाची, रिंगरोडनं होणारी रोजची ये-जा शहराची. मतदारसंघ आल्यापासून त्यानं कुणाला लागोपाठ दोनदा दिलेलं नाही. 2009 ला सतेज पाटील, धनंजय महाडिकांवर सुमारे 5,700 मतांनी. 2014 ला अमल महाडिक, सतेज पाटलांवर साडेआठ हजारांनी. 2019 ला ऋतुराज पाटील, अमल महाडिकांवर 42 हजारांवर. 2024 ला पुन्हा अमल महाडिक, साडेसतरा हजारांनी. दोन घरं आणि चार निवडणुका. (विस्कॉन्सिननं 2000 मध्ये अल् गोर यांना दिलं तेही 5,708 मतांनीच, एवढीच गंमत.)

याला पक्षांची लढाई म्हणणं धाडसाचं आहे. 2014 ला महाडिकांच्या एका घरात महादेवराव काँग्रेसचे विधान परिषद सदस्य, पुतणे धनंजय राष्ट्रवादीचे खासदार आणि मुलगा अमल भाजपचे आमदार होते. 2019 च्या लोकसभेला आघाडीचे उमेदवार धनंजय महाडिक असताना काँग्रेसच्या सतेज पाटलांनी ‘आमचं ठरलंय’ म्हणत शिवसेनेच्या मंडलिकांना ताकद दिली, आणि पाच वर्षांनी त्याच मंडलिकांविरुद्ध महाराजांचा प्रचार उभा केला. 2021 ला गोकुळची सत्ता महाडिकांकडून गेली, सतेज पाटील आणि हसन मुश्रीफ यांच्या पॅनेलला 21 पैकी 17 जागा. 2023 ला राजाराम कारखान्यात महाडिकांनी सगळ्याच्या सगळ्या 21 जागा राखल्या. दूध एकाचं, ऊस दुसऱ्याचा. मुश्रीफ आज कुणाबरोबर आहेत हे कागलकरांना विचारा. इथल्या वर्तमानपत्रात ‘ईर्षेनं मतदान’ हा शब्द दर निवडणुकीला येतो, आणि तो बरोबर आहे. 2024 च्या विधानसभेला जिल्ह्यानं राज्यात सगळ्यांत जास्त मतदान केलं ते लोकशाहीवरच्या प्रेमानं केलं असेलही. जोडण्या, भावकी आणि ईर्षा यांचा त्यात वाटा मोठा आहे. मला यात नाक मुरडण्यासारखं काही वाटत नाही. जिथं गट जिवंत असतो तिथं निदान म्हाताऱ्या माणसाला केंद्रापर्यंत कुणीतरी रिक्षानं नेतं.

पक्ष झुगारून आपल्या माणसाला देण्यात या दोन्ही मुलुखांचा हातखंडा आहे. 1924 ला विस्कॉन्सिनचे रिपब्लिकन सिनेटर रॉबर्ट ला फॉलेट दोन्ही मोठ्या पक्षांविरुद्ध राष्ट्राध्यक्षपदाला उभे राहिले. रेल्वे कंपन्या आणि बड्या भांडवलाशी त्यांचं आयुष्यभर भांडण होतं. देशात कूलिज जिंकले, पण विस्कॉन्सिननं निम्म्याहून जास्त मतं आणि तेव्हाचे आपले तेराही ठरावधारक ला फॉलेटना दिले. दुसऱ्या एकाही राज्यानं त्यांना जिंकवलं नाही. 2009 च्या लोकसभेला सदाशिवराव मंडलिकांचं असंच झालं. राष्ट्रवादीनं तिकीट नाकारलं, म्हातारा माणूस अपक्ष उभा राहिला, समोर राजघराण्यातले संभाजीराजे. म्हणजे तेव्हा गादीही विरोधात होती आणि शरद पवारही. मंडलिक 44 हजारांवर मतांनी आले. गादीपुढं कोल्हापूर नेहमी झुकतं असं ज्यांना वाटतं त्यांनी 2009 आणि 2024 हे दोन आकडे शेजारी ठेवावेत.

आता 2024 च्या विधानसभेचं सगळ्यात सोपं उत्तर म्हणजे लाडकी बहीण योजना. महिन्याला 1,500 रुपये, मतदानापर्यंत पाच हप्ते, 7,500. याचा परिणाम झाला नाही असं कोण म्हणेल? पण पैसे सगळ्याच मतदारसंघांतल्या बायकांच्या खात्यावर सारख्याच हप्त्यांनी आले होते. मग इचलकरंजीत राहुल आवाडे 50 हजारांवर मताधिक्यानं येतात आणि करवीरमध्ये नरकेंची दमछाक होते, हे कशानं? सगळीकडं सारख्या असलेल्या गोष्टीनं मतदारसंघामतदारसंघातला फरक समजत नाही. शिवाय त्या उत्तरात एक खोडी आहे: बाई स्वतः विचार करून मत देते हे ते मान्यच करत नाही. जूनमध्ये महाराजांना पडलेल्या मतांत बायकांची मतं नव्हती काय?

दक्षिणचे आकडे पाहिले तर वेगळंच काही दिसतं. ऋतुराज पाटलांना 2019 ला एक लाख 40 हजार मतं होती, 2024 ला एक लाख 31 हजार. ‘जनतेनं नाकारलं’ म्हणून ज्याचं वर्णन झालं त्या माणसाची मतं नऊ हजारांनी कमी झाली, एवढंच. अमल महाडिकांची मात्र 97 हजारांवरून एक लाख 48 हजारांवर गेली, म्हणजे 51 हजारांची वाढ. दोघांची मिळून मतं 42 हजारांहून जास्त वाढली आणि त्या वाढीतला वाटा पाटलांच्या हाती लागला नाही. कोण कुठून कुठं गेलं हे अशा बेरजेवरून नेमकं सांगता येत नाही, कबूल. तरी जुनी माणसं मोठ्या संख्येनं घर बदलून गेली असं हे आकडे म्हणत नाहीत. ते म्हणतात, कुणाच्याही घरात नसलेली माणसं आली.

ही माणसं कळंब्यात उघड्या डोळ्यांना दिसतात. राधानगरी, भुदरगड, गडहिंग्लजकडून येऊन प्लॉट घेतलेले शिक्षक, बँकेतले, पोलीस खात्यातले. तलावाच्या बाजूला आणि रिंगरोडला उठलेल्या अपार्टमेंटमधली तरुण जोडपी. यांचा तालमीशी संबंध नाही, दूध संस्थेत खातं नाही, कारखान्याचा शेअर नाही. पाटील आणि महाडिक यांच्या भांडणाचा इतिहास त्यांना ऐकीव माहीत. काहींनी परवापर्यंत मत गावाकडंच ठेवलं होतं. हद्दवाढीत कळंबा शहरात जावा की न जावा यावर गावातली जुनी घरं एका बाजूला आणि पाणी-ड्रेनेजसाठी महापालिका हवी असलेली ही नवी वस्ती दुसऱ्या बाजूला दिसते. शहराची हद्द 1972 ला महापालिका झाल्यापासून वाढलेली नाही; वस्ती मात्र थांबलेली नाही.

निवडणूक आयोग केंद्रवार आकडे ‘फॉर्म 20’मध्ये जाहीर करतो. ते वाचणारी माणसं दोन्ही गटांच्या कार्यालयांत आहेत, आणि त्यांच्याशी बोलायला बसलं की ती पक्षाचं नाव क्वचितच घेतात. रिंगरोडच्या कुठल्या इमारतीत किती नवी नावं लागली, आणि तिथल्या सोसायटीचा चेअरमन कुणाच्या ऐकण्यातला आहे, एवढंच विचारतात.

— कळंबेकर