उसवता येणारी कला

मनुष्य जेथे जातो तेथे आपली काहीतरी खूण मागे ठेवावी असे त्याला वाटते. मावळातील मुलांना याचा पुरावा शोधण्यासाठी फार लांब जावे लागणार नाही. कार्ल्याच्या चैत्यगृहातील खांबांवर सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे ब्राह्मी लिपीतील लेख आहेत. कोणी खांब दिला, कोणी दार दिले, त्यांची नावे त्यांत वाचावयास मिळतात. धेनुकाकट नावाच्या गावाहून आलेला, सुगंधी द्रव्यांचा व्यापार करणारा सिंहदत्त हा त्या दात्यांपैकीच एक. त्याने लेण्याला दार दिले आणि मग आपले नाव कोरविले. आज आपल्या किल्ल्यांवर जाणारे काही पाहुणे मात्र, ज्या भिंतीला त्यांनी एक चिराही दिलेला नसतो, तिच्यावर खिळ्याने किंवा कोळशाने आपली नावे लिहून येतात. लोहगडाची गणना २०२५ साली जागतिक वारशात झाली. अशा ठिकाणी ओढलेला एक ओरखडा पुसू म्हटले तरी पुसता येत नाही.

अशा लोकांना नुसते रागे भरून भागेल असे मला वाटत नाही. सार्वजनिक जागेत आपल्या हातचे काही असावे, ही त्यांची इच्छा मुळात चांगलीच आहे. तिला दगड आणि खिळ्याऐवजी दुसरे साधन द्यावयास हवे, आणि ते साधन आपल्या घरातच पडलेले आहे. उरलेली लोकर, जुन्या साड्यांच्या पट्ट्या, तुटक्या बांगड्या, बुडाला भोक पडलेले पातेले, बिनजोडीचे बटण! या वस्तूंनी रस्ता, पार, शाळेचे कुंपण, एसटीचा थांबा सजविणे ही खरीखुरी कला आहे, असे माझे मत आहे.

अमेरिकेतील ह्यूस्टन शहरात २००५ साली मॅग्डा सेएग या बाईंनी आपल्या दुकानाच्या दाराच्या मुठीला लोकरीचे विणलेले आवरण घातले. येणारे-जाणारे थांबून पाहू लागले. तेव्हा त्यांनी रस्त्यावरील पाटीच्या खांबालाही तसाच लोकरीचा अंगरखा चढविला. पाहता पाहता ही रीत अनेक देशांत पसरली. खांब, बाके, पुलांचे कठडे, इतकेच काय, बसगाड्याही लोकरीने मढविल्या गेल्या. तिकडे या प्रकाराला ‘यार्न बॉम्बिंग’ म्हणतात. एवढ्या मऊ कामाला इतके दांडगे नाव का दिले असावे, कोण जाणे!

हे वाचून तुम्हाला नवल वाटेल, पण आपल्याला ते फारसे नवे नाही. ज्येष्ठ पौर्णिमेला गावोगावच्या स्त्रिया वडाच्या बुंध्याभोवती सुताचे फेरे घालतात, आणि संध्याकाळपर्यंत ते झाड पांढऱ्या धाग्यांनी वेढून जाते. त्या धर्मकृत्य करतात, कलाकृती नव्हे, हे खरेच. तरीही सूत हातात घेऊन सर्वांच्या झाडापाशी जाणे आपल्या अंगवळणी पडलेले आहे, एवढे तरी त्यावरून दिसते. पाडव्याची गुढी घ्या. वेळूची काठी, एक वस्त्र, कडुनिंबाची डहाळी, साखरेची गाठी आणि उपडा तांब्या. यांतील एकही वस्तू केवळ शोभेसाठी घडविलेली नाही, आणि तरीही ती उभारली की सारी आळी निराळी दिसू लागते. पोळ्याला बैलांच्या शिंगांना बांधलेले रंगीत गोंडे कोण विसरेल? मुंबईत १९९९ पासून भरणाऱ्या काळा घोडा महोत्सवात रस्त्यावर मोठमोठ्या रचना मांडलेल्या असतात, आणि त्यांतील कित्येक रोजच्या वस्तूंच्याच असतात.

या बाबतीत नेकचंद सैनी यांची हकीकत सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. चंडीगडच्या बांधकाम खात्यात ते रस्त्यांच्या कामावर देखरेख करीत. नवे शहर वसविताना जुनी खेडी पाडली गेली होती. त्यांच्या ढिगाऱ्यातील फुटकी कपबशी, फरशीचे तुकडे, बांगड्यांच्या काचा ते सायकलवरून रानात नेत आणि रात्री त्यांतून माणसे, पक्षी, प्राणी घडवीत. १९५७ च्या सुमारास सुरू झालेले हे काम कित्येक वर्षे कोणालाच कळले नाही. जागा सरकारी होती आणि परवानगी घेतलेली नव्हती. सरकारला पत्ता लागला तेव्हा ते सारे पाडून टाकावे असा विचारही निघाला. परंतु लोकांनी ते पाहिले, त्यांना ते आवडले, आणि १९७६ साली ‘रॉक गार्डन’ सर्वांसाठी खुले झाले. पुढे नेकचंदांना त्याच कामासाठी पगार आणि हाताखाली मजूर मिळाले. २०१५ साली ते वारले. आजही त्या बागेत पाहणाऱ्यांची रीघ लागलेली असते.

हे उदाहरण देताना मला थोडा संकोच होतो. न विचारता केलेले काम एखाद्या नेकचंदाला शोभून गेले, म्हणून ते प्रत्येकाला शोभेलच असे नाही. रस्ता सर्वांचा आहे. म्हणजे ज्याला तुमची कला मुळीच आवडत नाही, त्याचाही तो आहे. भिंत तैलरंगाने रंगविली तर त्या मनुष्याला ती वर्षानुवर्षे पाहावी लागते. विणकामाचे तसे नाही. ते आज चढविले आणि महिन्याने उसवले, तर खांब पूर्वी होता तसाच उरतो. ग्रामपंचायतीकडे किंवा मुख्याध्यापकांकडे परवानगी मागावयास जाल, तेव्हा ‘अमुक तारखेला आम्ही हे काढून घेऊ’ असे तुम्हाला सांगता येते. मग परवानगी देणाऱ्याचेही मन मोकळे होते. माझ्या मते या कलेचा सर्वांत मोठा गुण हाच होय.

कोणी म्हणेल, थंडीत कुडकुडणारी मुले असताना खांबाला स्वेटर कशाला? हा आक्षेप खरा आहे. तो हसण्यावारी नेऊ नये. पण उसवता येणारी वस्तू परत वापरताही येते. जानेवारी २०१६ मध्ये चेन्नई येथे अनेक ठिकाणच्या स्त्रियांनी क्रोशाने विणलेले तुकडे जोडून अकरा हजार चौरस मीटरांहून मोठे पांघरूण तयार केले. त्या विक्रमानंतर ते तसेच गुंडाळून ठेवावयाचे नव्हते. त्याची लहान पांघरुणे करून ती गरजूंना द्यावीत, असे आधीच ठरलेले होते. शोभाही झाली आणि ऊबही मिळाली.

दुसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो. बाजारात लोकर म्हणून जी स्वस्त मिळते, ती बहुधा मेंढीची नसते. ती ॲक्रिलिकची, म्हणजे एक प्रकारच्या प्लॅस्टिकची असते. ती कुजत नाही आणि तिचे बारीक तंतू गळून मातीपाण्यात जातात. नायलॉनच्या मांजाने पाखरांचे पंख कसे कापले जातात, हे तुम्ही ऐकले असेलच. म्हणून झाडावर काही बांधायचे तर सुती धागा घ्यावा, तो सैल ठेवावा आणि पावसाळ्यापूर्वी काढून घ्यावा. ओल्या आवरणाखाली साल कुजते आणि किडे घर करतात. खरे म्हणजे झाडाला सोडून द्यावे हेच बरे. त्याला शोभा आधीच आहे. लोखंडी खांब, कुंपणाचे गज, मोडके बाक ही या कामाची योग्य ठिकाणे.

सुदुंबरे हे संत संताजी जगनाडे यांच्या समाधीचे गाव. तुकोबांचे अभंग त्यांनी लिहून ठेवले, असे परंपरा सांगते. आज या गावाच्या एका अंगाला तळेगाव आणि दुसऱ्या अंगाला चाकण येथील कारखाने आहेत, आणि शहर दिवसेंदिवस जवळ येत आहे. शहर येते तेव्हा राखाडी भिंती, तारेची कुंपणे, विजेचे खांबही येतात. विजेच्या खांबाला मात्र कोणीही हात लावू नये, हे येथेच सांगून ठेवतो. पण शाळेच्या कुंपणाचा एखादा कोपरा इयत्ता सातवीने आजी-आयांच्या मदतीने सजवावा. एकीने जुन्या साडीच्या पट्ट्यांची वेणी घालावी, दुसऱ्याने बटणांची माळ ओवावी. मुलांनीही सुया हातात घ्याव्यात. विणकाम बायकांचेच, असे कोठे लिहून ठेवलेले नाही.

ठरलेला दिवस उजाडला म्हणजे एकाने धाग्याचे टोक धरून सावकाश ओढावे आणि दुसऱ्याने तो खुर्चीच्या पाठीवर गुंडाळीत जावे. उसवलेली लोकर नागमोडी झालेली असते. तिची लड पाण्यात भिजवून, खाली थोडे वजन बांधून दोरीवर टांगली की ती सरळ होते. एकट्याने घाईघाईने ओढू लागलात तर मात्र असा गुंता होतो, की तो सोडविण्यात सुटीची सबंध दुपार जाते.